सारसांचा कंडक्टर

केवळराम मेश्राम एस.टी.त कंडक्टर होता. भंडाऱ्याहून अड्याळमार्गे पवनीकडे जाणाऱ्या गाडीवर त्याची निम्मी हयात गेली. राहायला कारध्याला, वैनगंगेच्या पलीकडे. पहाटे सायकलवर पूल ओलांडून यायचं, चामड्याची पिशवी गळ्यात अडकवायची, तिकिटांचा पत्र्याचा ट्रे बगलेत धरायचा आणि चिमट्याने खटखट वाजवत गर्दीतून वाट काढायची. अंगाने काटकुळा, आवाज मात्र असा की मागच्या दारात उभं राहून "पुढं सरका जी, पुढं सरका!" म्हटलं की पुढच्या सीटवरच्या झोपलेल्या म्हाताऱ्याही दचकून सरकायच्या. त्याचा बाप दुसऱ्याच्या बांध्यांमध्ये, धानाच्या वाफ्यांत, राबून गेला होता. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, त्या दिवसापासून बापाने एकच धरलं होतं, पोराने चिखलात उभं राहायचं नाही. म्हणून केवळराम खाकी कपड्यात आला, याचं सगळ्या मोहल्ल्याला कौतुक होतं.

पण त्याला लोक ओळखायचे ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

चौऱ्याहत्तर साली, पावसाळ्याच्या उतरत्या दिवसांत, त्याची गाडी खैरबोडीच्या तलावापाशी बंद पडली. खैरबोडी हे अड्याळच्या अलीकडचं लहानसं गाव. गावाच्या वरच्या अंगाला जुना तलाव, तलावाच्या पाळीखालून, म्हणजे मातीच्या बंधाऱ्याखालून, सडक आणि सडकेच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. ड्रायव्हर सुखराम बॉनेट उघडून आत डोकं घालून बसला. प्रवासी झाडाखाली पांगले. केवळराम पाळीवर चढून बिडी ओढत होता, तेवढ्यात खालच्या बांधीत तुतारी फुंकल्यासारखा आवाज झाला. पाहतो तर सारसांची जोडी. माणसाच्या खांद्याला लागतील एवढे उंच, राखी अंगाचे, लालभडक मानेचे. नराने चोच आभाळाकडे करून एक हाक दिली की मादी तिला लागूनच दोन हाका द्यायची. एकाला दोन, एकाला दोन. मग नराने पंख पसरले, उडी घेतली, चोचीत गवताची काडी धरून वर फेकली. मादी त्याच्याभोवती फिरली. पुन्हा उडी, पुन्हा हाक.

लहानपणी बापाच्या मागे बांध्यांमधून फिरताना त्याने सारस शंभरदा पाहिले असतील. पण थांबून कधी पाहिले नव्हते. चिखलात राबणाऱ्या माणसाची मान वर कशाला होते! त्या दिवशी गाडी सुरू झाली, सुखरामने हॉर्न वाजवला, प्रवासी चढून बसले, आणि कंडक्टरच नाही. शेवटी सुखराम पाळीवर आला.

"काहून बे केवळ्या, गाडी म्या एकट्यानंच न्याची काय?"

"ऐक ना, ऐक जरा," एवढंच केवळराम बोलला.

तेव्हापासून त्याला खोडच लागली. खैरबोडी आली की तो खिडकीशी जायचा. सारस दिसले की नकळत बेल ओढायचा. गाडी थांबायची, उतरणारं कोणी नसायचं. प्रवासी चिडायचे. सुखराम कपाळावर हात मारायचा, पण त्यालाही हळूहळू सवय झाली. मग बेल न देताच तो पाळीपाशी गाडी सावकाश घ्यायला लागला.

त्या गाडीने शकुंतलाबाई रोज अड्याळला जायच्या. तिथल्या कन्याशाळेत त्या शिकवत. पोरींचं एक निसर्ग मंडळ त्यांनी काढलं होतं. शनिवारी दुपारी पोरींना घेऊन झाडं, घरटी, पाखरं दाखवत हिंडायच्या. एके दिवशी तिकीट घेता घेता त्यांनी विचारलं, "कंडक्टरभाऊ, तुम्ही सारस बघता ना? भंडाऱ्यात कृष्णराव डॉक्टरांकडे रविवारी पाखरं बघणारी मंडळी जमतात. जात का नाही तुम्ही?"

"मले कोण उभं करते बाई तिथं?" केवळराम हसून म्हणाला.

पण गेला. कृष्णरावांचा दवाखाना शुक्रवारी पेठेत होता. रविवारी रोगी नसत. बाकांवर दोन मास्तर, एक वकील, एक फोटोग्राफर असे बसलेले असत आणि मधोमध डॉक्टर, गळ्यात स्टेथोस्कोपऐवजी दुर्बीण. केवळराम सवयीने पायरीवरच बसला. डॉक्टर उठले, त्याच्या दंडाला धरून त्याला आत आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं. म्हणाले, "बाहेर बसून ऐकू येणार नाही तुम्हाला. कुठे पाहिले सारस? सांगा." घरी आल्यावर केवळरामने हे बायकोला, रुखमाला, दोनदा सांगितलं. रुखमा चुलीपुढून म्हणाली, "चाय देल्ली काय कपात?" तो म्हणाला, "कपातच देल्ली." भाकर थापता थापता तिचा चेहरा उजळला.

तिथेच त्याला कळलं की तुमसरलाही अशीच एक टोळी आहे. तिचा म्होरक्या बाबुलाल, एका राइस मिलमधला मिस्त्री. दांडगा, मोठ्याने बोलणारा, अर्धी मराठी अर्धी हिंदी. या दोन्ही मंडळींचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. कारण जुनं होतं. तुमसरकडच्या एका तलावावर सारसांनी घरटं केलं, तेव्हा बाबुलालने मोठ्या हौसेने ती बातमी नागपूरच्या पेपरात छापून आणली होती. महिन्याभरात जीपगाडीतून बंदूकवाले आले आणि जोडी मारून घेऊन गेले. भंडाऱ्याची मंडळी म्हणायची, बाबुलालच्या जिभेने सारस मेले. बाबुलाल म्हणायचा, लोकांना माहीतच नव्हतं म्हणून मेले. माहीत असतं तर गावानेच जीप अडवली असती. दोघांचंही काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

केवळरामची ड्युटी कधीमधी तुमसरच्या गाडीवर लागायची. तो तुमसरच्या स्टँडवर उतरून बाबुलालला गाठायचा, चहा प्यायचा, आणि परत येऊन डॉक्टरांना सांगायचा, "बाबुलालभाऊनं इचारलं, तिकडचे बदकं आले काय म्हणून." बाबुलालने असं काही विचारलेलं नसायचं. मग पुढच्या खेपेला बाबुलालला, "डाक्टरसायब तुमची आठवण करून रायले होते." अशी खोटी-खरी निरोपांची ने-आण त्याने दोन वर्षं केली. सामान पोचवावं तसं त्याने त्या दोघांना एकमेकांपाशी पोचवलं.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात सगळे कारध्याला त्याच्या घरी जमले. भंडाऱ्याचे, तुमसरचे, आणि शकुंतलाबाई आपल्या दोन मोठ्या विद्यार्थिनींना घेऊन. रुखमाने लाखोरीची डाळ, भात आणि नदीच्या मासोळीचा रस्सा केला. अंगणात कडुनिंबाखाली पंगत बसली. डॉक्टर आणि बाबुलाल समोरासमोर बसले होते, पण जेवण संपत आलं तरी बोलेनात. शेवटी बाबुलालनेच रश्श्याची वाटी पुढे केली आणि म्हणाला, "डाक्टरसाब, काटा संभालून खा. गळ्यात अटकला तर हमारे यहाँ दूसरा डाक्टर नाही."

डॉक्टर हसले. सगळेच हसले. त्या दुपारी ठरलं, तिन्ही मंडळींनी मिळून खैरबोडीची जोडी राखायची. पेपरात छापायचं नाही, पण गावापासून लपवायचंही नाही. गावालाच सोबत घ्यायचं.

गाव म्हणजे मुख्यत्वे पुंडलिकराव लांजेवार. सारस ज्या बांधीच्या कोपऱ्यात, देवधानाच्या, म्हणजे रानटी भाताच्या, दाटीत, गवत रचून घरटं करायचे ती बांधी त्यांची. साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा शेतकरी. पहिल्यांदा मंडळी त्यांच्याकडे गेली, तेव्हा डॉक्टरांना पितळी पेल्यात पाणी आलं आणि केवळरामसाठी कोनाड्यातला वेगळा काचेचा गिलास निघाला. केवळरामने तो घेतला, पाणी प्यायला, आणि मुद्द्याचं बोलला.

"पुंडलिकराव, सारस तुमच्या धानाचे परे तुडवते, हे आमाले मालूम हाय. नुकसान होते. तरी यंदा त्याले हाकलू नोका."

पुंडलिकराव म्हणाले, "म्या कधी हाकललं? माह्या बापाच्या काळापासून हायेत ते. सारस उतरला त्या साली बांधी पिकते, असं बुढा म्हणे. तुमी राखत असान तर राखा बाप्पा. पण माह्या धानात पन्नास माणसं नाचवू नोका."

ती अट सगळ्यांनी पाळली. मादी अंड्यांवर बसली की पाळीवर, दूर, आंब्याच्या सावलीत आळीपाळीने माणूस असायचा. शनिवार शाळेच्या पोरींचा, रविवार भंडाऱ्याचा, मधले दिवस तुमसरची पोरं. काम एकच, गावातली कुत्री आणि अंड्यांवर डोळा ठेवून हिंडणारी माणसं लांब ठेवायची. केवळराम गाडीतून जाता-येता त्यांना डबे, पाणी, निरोप पोचवायचा. त्या साली एक पिल्लू वाढलं. कार्तिकात ते आईबापांमागून पाळीवरून उडालं, तेव्हा सुखरामने स्वतःहून गाडी थांबवली आणि सगळी गाडी खिडक्यांशी लोटली. पुढच्या साली पुन्हा एक. आता बाजाराला जाणाऱ्या बाया चढता चढताच विचारायच्या, "कंडक्टरभाऊ, सारस बसली काय जी?" पुंडलिकरावांच्या घरचा तो काचेचा गिलास कधी दिसेनासा झाला, ते केवळरामलाही कळलं नाही. एकदा खाटेवर डॉक्टरांच्या शेजारी बसून तो पितळी पेल्यातून पाणी पीत होता आणि मध्येच त्याच्या ध्यानात आलं.  तो पेला जरा वेळ हातातच धरून बसला.

त्याच्या आयुष्यातले ते दोन-तीन पावसाळे सगळ्यात सुखाचे.

मग ब्याऐंशी साल आलं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, उशिरा झाला. ऊन-पाऊस असा विचित्र खेळ चालला की धानावर गाद पडली. गादमाशी डासाएवढी, दिसतही नाही. पण ती धानाच्या पोटात शिरली की लोंबीच्या जागी पांढरा पोकळ पोंगा निघतो. ज्या बांधीत पोंगे पडले ती बांधी गेली. अड्याळच्या आसपास बांध्याच्या बांध्या चंदेरी झाल्या. दुरून पाहणाऱ्याला त्या सुंदर दिसत. शेतकरी बांधावर बसून डोकं धरत.

एका सकाळी पुंडलिकराव सडकेवर गाडीची वाट पाहत उभे होते. गाडी थांबली, तरी चढले नाहीत. दाराशी येऊन म्हणाले, "केवळरामभाऊ, आता तूच सांग. शेतकीचे सायब लोक सांगून रायले, दाणेदार औषध टाका, नाई तर धान हातचं गेलं. सारी वस्ती टाकून रायली. सारस तं अंड्यावर बसली हाय. म्या काय करू?"

 मागून लोक ओरडत होते, "चला ना कंडक्टर!" केवळराम म्हणाला, "उद्याच्या दिस थांबा. मी मंडळीले आणतो."

मंडळी आली. सगळी आली, डॉक्टर, बाबुलाल, शकुंतलाबाई. पुंडलिकरावांच्या ओसरीवर बसले.  औषध टाकू नका म्हणावं, तर या माणसाने वर्षभर खायचं काय? टाका म्हणावं, तर इतकी वर्षं जपलं कशाला? वकील म्हणाले, सरकारकडे नुकसानभरपाई मागू. बाबुलाल त्यांच्यावर उसळला, "सरकार देगी तब तक धान भी गया और सारस भी!" शकुंतलाबाई म्हणाल्या, घरट्याच्या बांधीत तरी नको. पुंडलिकराव लगेच म्हणाले, "ते म्या आधीच ठरवलं हाय. त्या बांधीत दाणा टाकत नाई. जाऊ दे तेवढं."

सगळ्यांना हायसं वाटलं. डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. पण केवळराम चिखलात राबणाऱ्याचा पोरगा. त्याला माहीत होतं, धानाचं पाणी एका बांधीत राहत नसतं. वरच्या बांधीची मुही, बांधातलं पाण्याचं तोंड, फोडली की पाणी खालच्या बांधीत उतरतं, तिथून त्याच्या खालच्या. तलावापासून ओढ्यापर्यंत सगळ्या शेतांतून ते एकच पाणी. त्याने पुंडलिकरावांकडे पाहिलं. पुंडलिकराव जमिनीकडे पाहत होते. त्यांनाही ते माहीत होतं. खरं म्हणजे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असावं. पण त्यावर कोणापाशी काही नव्हतं, म्हणून कोणी ते काढलं नाही. वरच्या शेतांचे मालक काही एक-दोघे नव्हते. सगळं गाव होतं. आणि गावाचं धान मरत होतं.

पोळा झाल्यावर काही दिवसांनी, सकाळच्या भंडाऱ्याला जाणाऱ्या खेपेत, केवळराम खिडकीशी होता. गाडी भरलेली. मागच्या सीटवर अड्याळहून चढवलेला एक म्हातारा आडवा होता. त्याला धाप लागली होती, पोरगी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. खैरबोडी आली. मादी घरट्यावर दिसली. नर तिच्यापासून दूर, सडकेलगतच्या बांधीत होता. त्याचे पंख खाली लोंबत होते. तो दोन पावलं चालला, बसला, उठायला गेला आणि मानेवर पडला.

केवळरामने बेल ओढली आणि गाडी पुरती थांबायच्या आतच उडी टाकली. बुटांसकट चिखलात गेला. एरवी शंभर हातांवरून उडणारा पक्षी त्याच्या हाताला लागला तरी हलला नाही. चोचीतून लाळ गळत होती. डोळा उघडा होता आणि मान राहून राहून थरथरत होती. केवळरामने त्याची मान पाण्याबाहेर उचलून आपल्या हातावर घेतली. एवढा मोठा जीव आणि वजन किती कमी, असं त्याला वाटलं.

गाडीतून ती पोरगी रडून ओरडली, "भाऊ, माह्या बापाचा जीव जाते जी! चला ना!"

 सुखरामने हॉर्न वाजवला नाही. नुसता स्टेअरिंगवर हात ठेवून केवळरामकडे पाहत राहिला.

तोवर पुंडलिकराव धावत आले होते. केवळरामने ती मान त्यांच्या हातात दिली. "पाण्याच्या बाहेर धरा. सावलीत न्या. मी डाक्टरसायबाले धाडतो," म्हणाला, आणि गाडीत चढला. डबल बेल दिली. भंडाऱ्यापर्यंत त्याने कोणाचं तिकीट फाडलं नाही. चिखलाने भरलेले हात पुढे धरून दारातच उभा होता. म्हातारा वाचला, ते पुढे कळलं. त्या पोरीने नंतर एकदा स्टँडवर येऊन त्याच्या पायाला हात लावला, तेव्हा तो कसनुसा झाला.

डॉक्टर दवाखाना उघडा टाकून स्कूटरवरून निघाले. फवारणी करता करता विष चढलेल्या माणसांना ते जे इंजेक्शन देत, ते त्यांच्या बॅगेत होतं. पण पाखराला किती द्यायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना काय, जिल्ह्यात कोणालाच माहीत नसावं. अड्याळचे गुरांचे डॉक्टर दौऱ्यावर गेले होते. कृष्णरावांनी अंदाजाने थोडं दिलं, थांबले, पुन्हा थोडं दिलं. दुपारच्या खेपेला केवळरामची गाडी परत खैरबोडीला आली, तेव्हा डॉक्टर बांधावर बसले होते. चपला बाजूला, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं. पुंडलिकरावांनी आपला शेला त्या पाखरावर पांघरला होता.

"माझ्याने झालं नाही, केवळराम," डॉक्टर म्हणाले.

खरा कसोटीचा काळ त्यानंतरचा. मादी अंड्यांवर बसून होती. नर होता तेव्हा दोघं पाळीपाळीने बसायचे; एक चरायला गेला की दुसरा अंड्यांवर. आता तिला भूक लागली की घरटं उघडं पडायचं. कावळे पाळीवरच्या झाडांवर येऊन बसलेलेच असायचे. मंडळींनी ठरवलं, ती चरायला गेली की आपण घरट्याजवळ जाऊन कावळे हाकायचे. हाकले. पण घरट्याजवळ माणूस दिसला की ती परतेना. दूर बांधीत मान उंच करून उभी राहायची. अंडी गार पडायची. म्हणून मंडळी मागे सरायची; सरली की कावळे उतरायचे. पुन्हा पुढे धावायचं, पुन्हा ती दूर. शकुंतलाबाई, त्यांच्या पोरी, बाबुलालची पोरं, सगळी त्या बांधावर पुढे-मागे करत होती. बाबुलालसारखा दांडगा माणूस हातात काठी घेऊन रडकुंडीला आला. "क्या करूँ मैं? पास जाऊँ तो आती नाही, दूर जाऊँ तो कौआ खाता है. कोई बताओ, क्या करूँ?"

 तिसऱ्या दिवशी घरट्यात टरफलं होती.

त्यानंतर ते सगळे साहेबांकडे गेले. एका कचेरीत सांगितलं, पक्षी आमचा, पण शेत आमचं नाही. दुसरीकडे सांगितलं, शेताचं आम्ही बघतो, पाखराचं कसं बघणार? तिथला एक साहेब खरोखर भला होता. त्याने सगळ्यांना बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अहो, औषध नका टाकू असं मी कोणत्या तोंडाने सांगू? लोक मला फाडून खातील, आणि त्यांचं बरोबर असेल." यावर भांडण करण्याचीही सोय नव्हती.

पुढल्या साली कृष्णरावांना अर्धांगाचा झटका आला. रविवारची बैठक बंद पडली. बाबुलालने मिल बदलली आणि तो बालाघाटकडे गेला. जाताना कारध्याला येऊन रुखमाच्या हातचं जेवून गेला, पण सारसांचं नाव दोघांनीही काढलं नाही. तुटलं असं काही नव्हतं, भांडणही झालं नव्हतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून भेटणं उरलं नाही.

गावोगाव लोक सांगत आलेत की सारसाच्या जोडीतला एक मेला की दुसरा अन्न सोडून जीव देतो. गाडीतले लोक केवळरामला विचारायचे, "मेली काय जी ती?" नाही मेली. ती चरायची, पाणी प्यायची, रात्री तलावाच्या उथळात उभी राहायची. आणि सकाळी हाक द्यायची. तिच्या वाटच्या दोन हाका. आधी थोडी थांबायची, नराच्या हाकेपुरती जागा सोडावी तशी. आणि मग त्या दोन. केवळराम रोज गाडीतून ते ऐकायचा. मरून गेली असती तर एकदाच दुःख झालं असतं, असं तो एकदा रुखमाला म्हणाला. रुखमा म्हणाली, "अवो, तिनं काहून मरावं? बाईमाणसाले असं मरता येते काय?"

पुढचे दोन पावसाळे ती अशी एकटी काढत राहिली. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात तलाव आटला आणि ती दिसेनाशी झाली. उडून गेली की मेली, कोणालाच कळलं नाही. पुंडलिकराव आठवडाभर साऱ्या बांध्या आणि झुडपं पालथी घालत फिरले. एक पीसही मिळालं नाही.

त्याच्या पुढल्या साली गोंदियाकडच्या एका खेड्यातला कवडू नावाचा तरुण ढिवर, मासेमार, केवळरामला शोधत भंडाऱ्याच्या स्टँडवर आला. त्यांच्या तलावावर सारसांची जोडी होती. गावातल्या काही पोरांनी मिळून ती राखायचं ठरवलं होतं. सारस राखणारा कंडक्टर म्हणून कोणीतरी नाव सांगितलं, म्हणून तो आला होता. "तुमी येऊन गावाले दोन गोष्टी सांगा जी. तुमचं ऐकतीन."

केवळरामने टाळायचा प्रयत्न केला. आमच्यानं काही झालं नाही भाऊ, म्हणाला. पण कवडू हटेना. मग केवळरामने रजा टाकली. शकुंतलाबाईंना विचारलं, त्या निघाल्या. आणि खैरबोडीला गाडी थांबवून पुंडलिकरावांना सांगितलं, तर ते म्हणाले, "म्याबी येतो. शेतकऱ्याचं शेतकरी ऐकते."

तिघं गेले. तिथल्या लोकांनी मोठ्या मायेने वागवलं. समाजमंदिरात सतरंजी अंथरली, चहा-पोहे झाले. शकुंतलाबाई बोलल्या. केवळरामने कुत्री कशी लांब ठेवायची, बसायचं कुठे, घरट्याजवळ का जायचं नाही, ते सांगितलं. पुंडलिकराव सगळ्यात छान बोलले. सारस माणसाचं काही हिरावून घेत नाही, चार परे तुडवतो आणि बांधीला शोभा देतो, असं म्हणाले. लोक माना डोलवत होते.

मग मागे बसलेला एक म्हातारा शेतकरी उभा राहिला. विरोध करायला नव्हे. त्याला खरंच विचारायचं होतं. हात जोडून म्हणाला, "बापू, तुमचं सारं पटलं. आमी राखू. पण औंदा धानावर गाद पडली तं कसं कराचं, तेवढं सांगून जा."

 सगळे या तिघांकडे पाहत होते. पुंडलिकरावांनी केवळरामकडे पाहिलं. केवळरामने शकुंतलाबाईंकडे. बाईंनी पदर सावरला, बोलायला तोंड उघडलं, आणि तशाच थांबल्या.

कवडूने हळूच विषय बदलला. म्हणाला, चला, उजेड हाय तोवर जोडी दाखवतो. सगळे तलावाकडे निघाले. तो म्हातारा शेतकरीही मागोमाग आला. त्याला अजून उत्तर हवं होतं. पण पाहुण्यांना पुन्हा विचारणं त्याला बरं दिसेना, म्हणून तो मुकाट्याने चालत राहिला.